शाळा नेमके काय करते? शिक्षण आणि समाज यांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पदवीच्या वर्गाला समाजशास्त्र शिकवताना, शिक्षक होऊ पाहणाऱ्यांशी बोलताना आणि पालकांच्या बैठकांत बसल्यावर जे प्रश्न माझ्यासमोर वर्षानुवर्षे येत राहिले, त्यांची उत्तरे येथे एकत्र केली आहेत. सिद्धांत मांडणारे अभ्यासक बहुतेक युरोप-अमेरिकेतील आहेत. उदाहरणे मात्र मुख्यतः महाराष्ट्रातील घेतली आहेत, कारण शाळा कोणासाठी आणि कोणाच्या पैशाने चालावी, हा वाद या प्रदेशात पावणेदोनशे वर्षे अत्यंत गांभीर्याने चाललेला आहे.

शिक्षणाचे समाजशास्त्र म्हणजे काय? शिक्षणशास्त्रापेक्षा ते वेगळे कसे?

मुलाला अपूर्णांक कसे शिकवावेत, हा शिक्षणशास्त्राचा प्रश्न आहे. तोच धडा, तेच पुस्तक आणि तेच शिक्षक असूनही एका वस्तीतील मुले दहावीपर्यंत पोहोचतात आणि शेजारच्या वस्तीतील मुले सातवीनंतर का दिसेनाशी होतात, हा समाजशास्त्राचा प्रश्न आहे. समाजशास्त्र शाळेकडे एक सामाजिक संस्था म्हणून पाहते आणि कुटुंब, जात, वर्ग, राज्यसंस्था, बाजार यांच्याशी तिचा काय व्यवहार चालतो, ते तपासते. एखाद्या मुलाच्या अपयशाचे कारण त्याच्या बुद्धीत किंवा आळसात शोधण्यापूर्वी त्याच्याभोवतीच्या व्यवस्थेत शोधावे, ही या शाखेची पहिली शिस्त होय.

कार्यवादी दृष्टिकोन शिक्षणाकडे कसा पाहतो?

समाजाचे वेगवेगळे भाग मिळून तो टिकवून धरतात आणि त्यांपैकी प्रत्येकाचे काही कार्य असते, असे हा दृष्टिकोन मानतो. एमिल दुर्खीम यांनी शिक्षणाचे मुख्य कार्य नवीन पिढीचे पद्धतशीर सामाजीकरण, म्हणजे समाजाचे नियम आणि मूल्ये तिच्या अंगी बाणवणे, हे सांगितले. ते ज्या फ्रान्समध्ये विचार करीत होते, तेथे १८८१-८२ च्या कायद्यांनी प्राथमिक शिक्षण मोफत, सक्तीचे आणि धर्मनिरपेक्ष केले होते. चर्चचा आधार काढून घेतल्यावर लाखो अनोळखी माणसांना एकत्र बांधणारी नैतिकता कोठून येणार, हा प्रश्न त्यांना अस्वस्थ करीत होता आणि त्याचे उत्तर त्यांना शाळेत सापडले.

आपल्याकडे पाठ्यपुस्तकाच्या आरंभी छापलेली प्रतिज्ञा आठवावी. ‘सारे भारतीय माझे बांधव आहेत’ हे वाक्य रोज सकाळी मुलांकडून म्हणून घेण्यामागे दुर्खीम यांना अभिप्रेत असलेलेच कार्य आहे. माझ्या मते त्याहूनही खोल काम शालेय पोषण आहाराची पंगत करते, कारण ज्या गावात मोठी माणसे एका ओळीत जेवायला बसत नव्हती, तेथे मुले शेजारी शेजारी बसून खिचडी खातात. पंगत जेथे खरोखर एकच असते, तेथेच हे घडते, हेही येथे नोंदवले पाहिजे.

टॅलकॉट पार्सन्स यांनी १९५९ मध्ये शाळेचा वर्ग हा घर आणि समाज यांमधील पूल असल्याचे मांडले. घरात मूल कोणाचे तरी लाडके असते आणि त्याचा दर्जा जन्माने मिळालेला, म्हणजे अर्पित असतो. वर्गात मात्र सर्वांना एकच प्रश्नपत्रिका मिळते आणि दर्जा कमवावा लागतो, म्हणजे तो अर्जित असतो. किंग्जले डेव्हिस आणि विल्बर्ट मूर यांनी त्याआधीच, १९४५ मध्ये, समाजातील महत्त्वाच्या जागांवर योग्य माणसे पोहोचावीत म्हणून त्या जागांना अधिक मोबदला असतो, असा युक्तिवाद केला होता. शिक्षण हे या निवडीचे साधन ठरते.

मग या दृष्टिकोनावर आक्षेप कोणता?

सर्वांना एकच प्रश्नपत्रिका मिळते हे खरे, पण सर्वांना तिच्यापर्यंत पोहोचण्याची एकच वाट मिळत नाही. निवड गुणवत्तेनुसार होते, असे म्हणण्यापूर्वी शर्यत एकाच रेषेवरून सुरू झाली होती का, हे पाहावे लागते, आणि कार्यवादी मांडणी नेमकी या ठिकाणी थोडी घाई करते. समाज टिकतो, एवढे ती सांगते. तो ज्या रूपात टिकतो त्याची किंमत कोण मोजते, याकडे तिचे पुरेसे लक्ष जात नाही.

संघर्षवादी दृष्टिकोन काय सांगतो?

मार्क्सच्या विचारातून आलेला हा दृष्टिकोन शाळेत सत्ताधारी वर्गाचे हितसंबंध शोधतो. लुई अल्थ्युसर यांनी १९७० मध्ये शाळेला राज्यसंस्थेच्या वैचारिक यंत्रणांपैकी, म्हणजे बळाऐवजी विचारांतून वर्चस्व टिकवणाऱ्या संस्थांपैकी, सर्वांत प्रभावी यंत्रणा ठरवले. सॅम्युएल बोल्स आणि हर्बर्ट गिंटिस यांनी १९७६ मध्ये अमेरिकी शाळांविषयी लिहिताना शाळा आणि कारखाना यांच्या रचनेतील साम्य दाखवले. घंटेवर चालणारा दिवस, वरून आलेली आज्ञा, कामात रस नसला तरी गुणांसाठी ते करीत राहण्याची सवय आणि वेगवेगळ्या थरांतील मुलांना वेगवेगळ्या प्रमाणात दिलेले स्वातंत्र्य, या सर्वांतून मुले आपापल्या भावी जागेसाठी तयार होतात, असे त्यांचे म्हणणे होते.

या मांडणीतही एक उणीव आहे. शाळा जर केवळ वर्चस्वाचे यंत्र असती, तर वर्चस्व असणाऱ्यांनी इतरांना शाळेपासून दूर ठेवण्यासाठी इतके कष्ट घेतले नसते. पुण्यात १८४८ मध्ये मुलींसाठी शाळा सुरू करणाऱ्या सावित्रीबाई आणि जोतीराव फुले यांना जो विरोध सहन करावा लागला, त्याचे स्पष्टीकरण ‘शाळा गुलाम घडवते’ या सूत्रातून मिळत नाही. शाळेतून काहीतरी सुटण्याची शक्यता असते, हे विरोधकांना पक्के ठाऊक होते.

महात्मा फुले यांना शिक्षणाचे समाजशास्त्रज्ञ म्हणता येईल का?

त्यांनी तो शब्द वापरला नाही, परंतु १८८२ मध्ये ब्रिटिश सरकारने नेमलेल्या हंटर शिक्षण आयोगापुढे त्यांनी दिलेले निवेदन वाचल्यावर मला तरी दुसरा शब्द सुचत नाही. वरच्या वर्गांना उच्च शिक्षण दिले की ते हळूहळू खाली झिरपेल, असे त्या काळचे सरकारी धोरण मानत असे. फुले यांनी या धोरणाचा हिशेब मांडला. सरकारी तिजोरीतील महसुलाचा मोठा भाग शेतात राबणाऱ्या रयतेच्या घामातून येतो आणि तो खर्च मात्र वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर होतो, हे त्यांनी दाखवून दिले. शिक्षणाकडे सार्वजनिक पैशाच्या वाटपाचा प्रश्न म्हणून पाहण्याची ही दृष्टी आजही अनेक चर्चांत हरवलेली असते.

त्यांच्या मागण्या अगदी नेमक्या होत्या. प्राथमिक शिक्षण निदान वयाच्या बाराव्या वर्षापर्यंत सक्तीचे असावे. खेड्यातील अभ्यासक्रमात मोडी आणि बाळबोध वाचन-लेखन, हिशेब, इतिहास, भूगोल व व्याकरणाची तोंडओळख, शेतीचे प्राथमिक ज्ञान, नीती आणि आरोग्य यांचे पाठ असावेत. शिक्षक शक्यतो शेतकरी समाजातून आलेले असावेत, कारण असा शिक्षक लोकांत मिसळतो, त्यांच्या गरजा ओळखतो आणि प्रसंगी नांगर किंवा सुताराचे वाकस हाती धरायला त्याला संकोच वाटत नाही. शिक्षक कोणत्या सामाजिक थरातून येतो यावर मुलाचे शाळेशी नाते अवलंबून असते, हा मुद्दा पाश्चात्त्य समाजशास्त्रात ठळक होण्यास त्यानंतर बराच काळ जावा लागला.

‘सांस्कृतिक भांडवल’ म्हणजे काय?

फ्रेंच समाजशास्त्रज्ञ पिएर बूर्द्यू यांची ही संकल्पना आहे. पैसा हे एक भांडवल असते, तसे बोलण्याची ढब, पुस्तकांचा सहवास, कोणत्या प्रसंगी कसे वागावे याची जाण आणि ‘आपण येथलेच आहोत’ हा आत्मविश्वास, हेही भांडवलच असते. शाळा ज्या गोष्टी शिकवत नाही पण गृहीत धरते, त्या काही मुलांना घरीच मिळालेल्या असतात. मग शाळा त्या वारशाला ‘हुशारी’ असे नाव देते. वारसा हक्काने मिळालेली गोष्ट स्वतः कमावलेली दिसू लागते आणि ज्याला ती मिळाली नाही, त्याला आपले अपयश स्वतःचेच वाटू लागते. असमानतेच्या या पुनरुत्पादनात जबरदस्ती करावी लागत नाही, म्हणून ते अधिक टिकाऊ असते.

एक साधे उदाहरण घ्यावे. शिष्यवृत्ती परीक्षेला बसलेल्या दोन मुलांपैकी एकाचे आजोबा निवृत्त मुख्याध्यापक आहेत आणि घरात जुने दिवाळी अंक, शब्दकोश, वर्तमानपत्र आहे. दुसऱ्याच्या घरात छापील कागद म्हणजे वीजबिल आणि रेशनकार्ड. पहिल्याला म्हणी आणि वाक्प्रचार ‘पाठ’ करावे लागत नाहीत, कारण ते त्याच्या कानांवर पडलेलेच असतात. दोघांचे गुण एकाच तराजूत तोलले जातात आणि तो तराजू निःपक्षपाती असतो. अन्याय तराजूत नसतो, तराजूपर्यंत पोहोचण्याआधीच्या दहा वर्षांत असतो.

येथे एक काळजी घ्यावी लागते. ‘त्यांच्या घरी संस्कृती नाही’ असा याचा अर्थ काढणे ही बूर्द्यू यांची थट्टाच ठरेल. ओवी, भारूड, पिकांचे आणि जनावरांचे ज्ञान, बाजारातला तोंडी हिशेब हे सर्व त्या घरांत असते. शाळेच्या बाजारात ते चलन म्हणून चालत नाही, एवढेच.

बोलीभाषा बोलणारी मुले मागे का पडतात?

इंग्लंडमधील बेसिल बर्नस्टाईन यांनी श्रमिक घरांतील बोलणे संदर्भावर विसंबलेले असते आणि मध्यमवर्गीय घरांतील बोलणे सर्व काही शब्दांत उलगडून सांगणारे असते, असा फरक केला. शाळेला दुसऱ्या प्रकारची भाषा हवी असते. महाराष्ट्रात या फरकावर प्रमाणभाषेचा थर चढतो. अहिराणी, वऱ्हाडी किंवा मालवणी बोलणाऱ्या मुलाच्या पहिल्याच वाक्याला वर्ग हसला, तर ते मूल दुसरे वाक्य बोलायला फार वेळ घेते.

मेळघाटातील कोरकू मुलाची अडचण तर याहून मूलभूत आहे. कोरकू ही मुंडा कुळातील भाषा असल्यामुळे मराठीशी तिचे कसलेच नाते नाही, आणि ‘मराठी माध्यम’ हे त्या मुलासाठी मातृभाषेतील शिक्षण नसून परभाषेतील शिक्षण असते. इंग्रजी शाळांविषयी आपण जो युक्तिवाद करतो, तो कोरकू, गोंडी आणि भिली बोलणाऱ्यांच्या बाजूने मराठीविरुद्धही तितकाच लागू होतो, हे मराठीप्रेमी म्हणून मान्य करणे आपले कर्तव्य आहे असे मला वाटते.

शाळेनेच मुलाकडे जावे, हा विचार मात्र येथे नवा नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी आणि नंतर कोसबाड येथे आदिवासी मुलांसाठी जे काम केले, त्यात अंगणात भरणारी बालवाडी होती आणि गुरे राखायला गेलेल्या मुलांपर्यंत पोहोचणारी कुरणशाळाही होती. मूल शाळेत येत नाही, याचे उत्तर मुलाला दोष देऊन न शोधता शाळेची जागा आणि वेळ बदलून शोधले गेले.

महाराष्ट्राच्या शैक्षणिक इतिहासात वसतिगृहाला इतके महत्त्व का?

हा प्रश्न मला सर्वांत कमी वेळा विचारला जातो आणि सर्वांत महत्त्वाचा वाटतो.

शाळा उघडली म्हणजे शिक्षण खुले झाले, असे होत नाही. खेड्यातील मुलाला हायस्कूलसाठी शहरात यावे लागे आणि तेथे त्याच्या जातीच्या मुलाला खोली कोण देणार, जेवू कोण घालणार, हा प्रश्न फीच्या प्रश्नापेक्षा मोठा होता. ज्यांचे नातलग शहरात होते, त्यांना वार लावून, म्हणजे ठरावीक वारी ठरावीक घरी, जेवता येत असे. इतरांसाठी शाळेचे दार उघडे असूनही बंदच होते. शाहू महाराजांनी १९०१ पासून कोल्हापुरात जी वसतिगृहे उभी केली किंवा उभी राहण्यास मदत केली, ती याच अडचणीवरचे उत्तर होती. मराठा, जैन, लिंगायत, मुस्लिम, अस्पृश्य अशा निरनिराळ्या समाजांची वसतिगृहे निघाली आणि कोल्हापूरला वसतिगृहांची जननी म्हटले जाऊ लागले. १९०२ मध्ये संस्थानच्या नोकऱ्यांत मागासवर्गीयांसाठी ५० टक्के जागा राखून ठेवण्याचा आदेश त्यांनी काढला आणि १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचे केले. निवारा, शाळा आणि नोकरी या तीन गोष्टी एकमेकींत गुंतल्याशिवाय शिक्षणातून सामाजिक गतिशीलता येत नाही, हे या तीन निर्णयांकडे एकत्र पाहिले की स्पष्ट होते.

ही वसतिगृहे जातीनिहाय का होती, असा आक्षेप विद्यार्थी हमखास घेतात. त्या काळात प्रत्येक समाजाचे नेतृत्व, देणग्या आणि पालकांचा विश्वास मिळवण्याचा तो व्यवहार्य मार्ग होता. परंतु त्या मार्गाची मर्यादा ओळखणारा माणूस त्याच कोल्हापुरातील जैन बोर्डिंगमध्ये विद्यार्थी म्हणून राहिला होता. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी ४ ऑक्टोबर १९१९ रोजी सातारा जिल्ह्यातील काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ मध्ये साताऱ्यात वसतिगृह सुरू केले. तेथे सर्व जातिधर्मांची मुले एकत्र राहत, एकत्र स्वयंपाक करीत आणि एकत्र जेवत. महात्मा गांधींच्या हस्ते १९२७ मध्ये त्याचे ‘छत्रपती शाहू बोर्डिंग हाउस’ असे नामकरण झाले. वसतिगृहातील मुलांना अन्न कमी पडले तेव्हा लक्ष्मीबाई पाटील यांनी अंगावरचे दागिने आणि अखेर मंगळसूत्रही दिले, हे सातारा भागात आजही आदराने सांगितले जाते.

समाजशास्त्राच्या भाषेत पाहिले तर साताऱ्याच्या त्या स्वयंपाकघराने दोन कामे एकदम केली. बूर्द्यू ज्याला सांस्कृतिक भांडवल म्हणतात, ते ज्या मुलांच्या घरी नव्हते, त्यांना ते सहवासातून मिळू लागले, कारण संध्याकाळचा अभ्यास, मोठ्या मुलांचे मार्गदर्शन, वाचनाची सवय आणि चर्चा या गोष्टी वसतिगृहाने पुरवल्या. त्याच वेळी दुर्खीम ज्या सामाजिक एकजुटीविषयी बोलत होते, ती प्रतिज्ञेच्या शब्दांतून नव्हे तर एकाच चुलीवरच्या भाकरीतून घडू लागली. ‘कमवा आणि शिका’ या योजनेने शरीरश्रम आणि विद्या यांमधील जुनी उतरंडही मोडायला घेतली. कारखान्यासाठी आज्ञाधारक हात घडवणे आणि कुदळ चालवणाऱ्याला आपल्या विद्येचा मालक करणे यांत फरक आहे, आणि बोल्स-गिंटिस यांची मांडणी वाचताना मला नेहमी या फरकाची आठवण होते.

हा विषय इतिहासात जमा झालेला नाही. दरवर्षी दिवाळीच्या सुमारास गळीत हंगाम सुरू होतो, मुकादमाकडून उचल घेतलेली जोडपी बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतून ऊसतोडीला निघतात आणि त्यांच्यासोबत मुलेही फडावरच्या कोप्यांत राहायला जातात. नवरा-बायकोच्या जोडीला तेथे ‘एक कोयता’ म्हणतात. मूल त्या हिशेबात कोठेच नसते, तरी धाकट्या भावंडाला सांभाळण्याचे काम त्याच्याकडे असते. कारखान्याजवळच्या साखरशाळा आणि गावातच मुलांना ठेवून घेणारी हंगामी वसतिगृहे हे यावरचे दोन मार्ग आहेत. मला दुसरा मार्ग अधिक भरवशाचा वाटतो, कारण त्यात मुलाची शाळा, शिक्षक आणि सोबती बदलत नाहीत. मात्र हंगाम सुरू होण्याआधी ते वसतिगृह प्रत्यक्ष सुरू झालेले नसेल, तर आई-बाप मुलाला कोणाच्या भरवशावर मागे ठेवणार?

शिक्षकांच्या अपेक्षांचा मुलांवर खरोखर परिणाम होतो का?

होतो, आणि हा प्रतीकात्मक आंतरक्रियावादाचा प्रांत आहे. हा दृष्टिकोन समाजाच्या मोठ्या रचनांपेक्षा माणसामाणसांतील रोजच्या व्यवहाराकडे पाहतो. रॉबर्ट रोझेन्थाल आणि लेनोर जेकबसन यांनी कॅलिफोर्नियातील एका शाळेत केलेला प्रयोग १९६८ मध्ये प्रसिद्ध झाला. चिठ्ठ्या टाकाव्यात तशी निवडलेली काही मुले या वर्षी विशेष प्रगती करतील, असे शिक्षकांना सांगण्यात आले आणि विशेषतः खालच्या वर्गांत त्या मुलांच्या बुद्धिगुणांकात इतरांहून अधिक वाढ आढळली. प्रयोगाच्या पद्धतीवर पुढे बरीच टीका झाली, पण शिक्षकाची अपेक्षा मुलापर्यंत न बोलताही पोहोचते, हा मुद्दा टिकून राहिला.

आपल्याकडे या शिक्क्याला एक अक्षरच आहे: ‘ढ’. ज्या शाळांत गुणांनुसार तुकड्या पाडल्या जातात, तेथे ‘अ’ तुकडीला अनुभवी शिक्षक आणि ‘ड’ तुकडीला जो तास रिकामा असेल तो शिक्षक, अशी वाटणी मी पाहिली आहे. माझ्याच शालेय वर्षांत एका मित्राला सहामाही परीक्षेनंतर खालच्या तुकडीत पाठवण्यात आले. तो आजारी होता, हे कोणी विचारले नाही. वर्षअखेरीस तो खरोखर मागे पडला होता आणि त्यामुळे आधीचा निर्णय योग्यच होता असे सर्वांना वाटले. स्वतःला खरे करून दाखवणारे भाकीत म्हणतात ते हेच.

छुपा अभ्यासक्रम म्हणजे काय?

पाठ्यपुस्तकात लिहिलेला नसूनही शाळेच्या रोजच्या वागण्यातून शिकवला जाणारा अभ्यासक्रम. वर्ग झाडायला मुली, बाके उचलायला मुले आणि पाहुण्यांसमोर स्वागतगीत म्हणायला पुन्हा मुली, हा त्याचा सर्वपरिचित नमुना आहे. नागरिकशास्त्रात समतेचा धडा चालू असताना पाणी भरून आणायला रोज त्याच दोन मुलांना पाठवले जात असेल, तर मुले कोणता धडा लक्षात ठेवतात हे सांगण्याची गरज नाही.

मुली शिकल्या म्हणजे स्त्री-पुरुष समता आली, असे समजावे का?

२०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रातील पुरुषांची साक्षरता सुमारे ८८ टक्के, तर स्त्रियांची सुमारे ७६ टक्के होती. म्हणजे साक्षरतेतले अंतरही तेव्हा मिटलेले नव्हते. परंतु स्त्रीवादी अभ्यासक याच्या पुढचा प्रश्न विचारतात, तो म्हणजे कशासाठी शिकवले? पुण्यात १८८४ मध्ये मुलींचे हायस्कूल निघाले, तेव्हा मुलींना मुलांसारखेच इंग्रजी आणि गणित शिकवावे की संसाराला उपयोगी पडेल तेवढेच, यावर तीव्र वाद झाला. तो वाद आज मोठ्याने कोणी घालत नाही. तरीही घरात एकाच अपत्याची महागडी फी भरणे शक्य असेल तेव्हा ती कोणाची भरली जाते, आणि ‘चांगले स्थळ यावे’ म्हणून किती पदव्या घेतल्या जातात, हे पाहिले की तो वाद घराघरांत अद्याप चालू असल्याचे दिसते.

पदव्या वाढल्या, मग नोकऱ्या का मिळत नाहीत?

मॅक्स वेबर यांनी प्रमाणपत्रे ही दर्जा राखून ठेवण्याची आणि इतरांना बाहेर ठेवण्याची साधने कशी होतात, हे दाखवले होते. रँडल कॉलिन्स यांनी १९७९ मध्ये तोच धागा पुढे नेला. कामाला लागणारे कौशल्य फारसे बदललेले नसताना त्यासाठी मागितली जाणारी पदवी वाढत जाते, कारण पदवीधर वाढले की निवड करणारा चाळणी बारीक करतो. नोटा जास्त छापल्या की पैशाची किंमत घटते, तसे पदव्यांचे होते.

महाराष्ट्रातील डी.एड. अभ्यासक्रमाची कथा या दृष्टीने अभ्यासण्यासारखी आहे. बारावीनंतर दोन वर्षांत शिक्षकाची कायम नोकरी, या आशेने ग्रामीण भागातील हजारो घरांनी मुलामुलींना तेथे घातले. खासगी अध्यापक विद्यालये गावोगावी निघाली, नंतर शिक्षकभरती अनेक वर्षे रखडली आणि यांतील कितीतरी विद्यालये विद्यार्थ्यांअभावी बंद पडली. शेत गहाण ठेवून भरलेल्या त्या शुल्कामागे आई-बापांचा अडाणीपणा नव्हता. सरकारी नोकरी हाच जेथे प्रतिष्ठेचा आणि सुरक्षिततेचा एकमेव जिना दिसतो, तेथे सर्वांनी त्याच जिन्याकडे धावणे हा विवेकी निर्णयच असतो. पुण्याच्या अभ्यासिकांत वयाच्या तिशीपर्यंत स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्या तरुणांकडे याच नजरेने पाहायला हवे.

खासगीकरणाने समाजातील दरी वाढली का?

सरसकट हो किंवा नाही म्हणणे कठीण आहे. वसंतदादा पाटील मुख्यमंत्री असताना १९८३ मध्ये विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी मिळाली. त्यामुळे दुसऱ्या राज्यांत भरमसाट देणग्या देऊन जाणाऱ्या मुलांना येथेच जागा मिळाल्या आणि साखरपट्ट्यातील अनेक शेतकरी घरांत पहिला अभियंता झाला. त्याच वेळी शिक्षण ही ऐपतीप्रमाणे विकत घेण्याची वस्तू आहे, ही समजूतही रुळली. अखेर १९८७ मध्ये देणगीशुल्काला बंदी घालणारा कायदा राज्याला करावा लागला.

शालेय स्तरावर, २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने विनाअनुदानित खासगी शाळांतील प्रवेशाच्या वर्गात २५ टक्के जागा दुर्बल आणि वंचित घटकांतील मुलांसाठी ठेवल्या. या तरतुदीमागे एक समाजशास्त्रीय निष्कर्ष उभा आहे. जेम्स कोलमन यांनी १९६६ मध्ये अमेरिकेत केलेल्या प्रचंड पाहणीत, शाळेच्या इमारतीपेक्षा आणि साधनांपेक्षा घरची पार्श्वभूमी आणि वर्गातील सोबती यांचा मुलाच्या यशाशी अधिक संबंध दिसून आला होता. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने नियम बदलून सरकारी किंवा अनुदानित शाळा एक किलोमीटरच्या आत असल्यास खासगी शाळेला या बंधनातून मोकळे केले. मुंबई उच्च न्यायालयाने तो बदल जुलै २०२४ मध्ये रद्द ठरवला. जवळ सरकारी शाळा आहे, मग गरीब मुलाने तेथेच जावे, हा युक्तिवाद वरवर सोयीचा वाटतो. त्याचा परिणाम मात्र दोन वर्गांची मुले एका बाकावर कधीच न बसण्यात होतो, म्हणून न्यायालयाचा निर्णय मला महत्त्वाचा वाटतो.

शिक्षणाने जात संपेल का?

केवळ शिक्षणाने नाही, आणि शिक्षणाशिवाय तर मुळीच नाही, असे उत्तर मी देतो. फुले दांपत्याच्या शाळेत शिकलेल्या मुक्ता साळवे या मुलीने मांग आणि महार समाजांच्या दुःखाविषयी लिहिलेला निबंध १८५५ मध्ये ‘ज्ञानोदय’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. काही वर्षांची शाळा मिळाल्यावर एका मुलीने धर्माला आणि सत्तेला थेट जाब विचारला. बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांच्या शिष्यवृत्तीवर १९१३ मध्ये कोलंबिया विद्यापीठात गेलेल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४५ मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली. तिचे औरंगाबादमधील महाविद्यालय, जे पुढे मिलिंद महाविद्यालय म्हणून ओळखले गेले, ते दलित साहित्याच्या चळवळीचे एक प्रमुख केंद्र बनले. सत्ताधाऱ्यांची भाषा शिकून तिच्यातच त्यांना प्रश्न विचारणारी पिढी तेथे तयार झाली.

परंतु बाबासाहेबांचा स्वतःचा अनुभवच या आशेची सीमाही दाखवतो. कोलंबियासारख्या नामांकित विद्यापीठात शिकून बडोद्याला नोकरीवर रुजू झालेल्या या विद्वानाला त्या शहरात राहायला जागा मिळू दिली गेली नाही. पार्सन्स यांच्या भाषेत सांगायचे तर अर्जित दर्जा शिखरावर पोहोचला होता आणि समाज अजून अर्पित दर्जाच विचारत होता.

एखाद्या शाळेकडे समाजशास्त्रीय नजरेने पाहायचे असेल, तर सुरुवात कोठून करावी?

निकालाच्या फलकापासून करू नये. मधल्या सुट्टीत जावे आणि कोण कोणाबरोबर डबा खाते, ते पाहावे. हजेरीपटावर दिवाळीनंतर कोणती नावे सलग गैरहजर आहेत आणि त्यांचे पालक काय काम करतात, ते विचारावे. शेवटच्या बाकावरील मुलांशी बोलावे, कारण पॉल विलिस यांनी इंग्लंडमधील श्रमिक वस्तीतल्या बारा मुलांचा अभ्यास करून १९७७ मध्ये दाखवले, त्याप्रमाणे वर्गातली मस्ती हा अनेकदा शाळेच्या आश्वासनांवरचा विचारपूर्वक अविश्वास असतो, आणि तोच अविश्वास पुढे त्या मुलांना कमी मजुरीच्या कामाकडे नेतो. पाठ्यपुस्तक वाचून दाखवताना शिक्षक कोणाकडे पाहून वाचतात आणि प्रश्न विचारल्यावर किती क्षण थांबतात, हेही टिपावे. आणि शक्य झाल्यास एक दिवस एखाद्या मुलासोबत शाळेतून त्याच्या घरापर्यंत चालत जावे. ते अंतर किती आहे, वाटेत ओढा लागतो का, घरी पोहोचल्यावर दप्तर ठेवायला कोपरा आहे का, आणि दप्तर ठेवताच त्याच्या हातात कोणते काम येते, एवढे पाहिले तरी त्याच्या प्रगतिपुस्तकातील बरेचसे आकडे समजू लागतात.